नावाची पत
करवीरच्या पेठेचा एक नीतिविषयक इतिहास

मराठी भाषेत ‘पत’ असा एक लहानसा शब्द आहे. अब्रू या अर्थी तो चालतो आणि उधारी मिळण्याची लायकी या अर्थीही चालतो. ‘त्याची आता गावात पत राहिली नाही’ असे कोणी म्हटले, तर त्या गृहस्थाचे शील गेले की भांडवल गेले, याचा उलगडा बोलणारा करीत नाही व ऐकणाराही विचारीत नाही; कारण ज्या पेठेत हा शब्द रूढ झाला त्या पेठेत या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्याच. आज मात्र त्या निराळ्या झाल्या आहेत. भांडवल एकाचे, कारभार दुसऱ्याचा, श्रम तिसऱ्याचे आणि मालावर नाव चौथ्याचे, असा अलीकडील व्यापाराचा थाट आहे. मग काही वावगे घडले असता अब्रू जावयाची ती कोणाची? या प्रश्नाचे उत्तर म्हणून हल्ली मोठमोठ्या कंपन्यांत ‘अनुपालन अधिकारी’ या नावाचा एक वरिष्ठ अंमलदार नेमलेला असतो. कंपनीत कायदे, नियम व व्यवहारनीती पाळली जाते की नाही, हे पाहावयाचे हे त्याचे काम. ही सगळी व्यवस्था पाश्चात्त्यांकडून आयती आली आहे, आपल्याकडे पूर्वी तसले काही नव्हते, असा सुशिक्षितांमध्ये एक समज आढळतो. तो कितपत खरा आहे, हे एका गावच्या इतिहासावरून तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी कोल्हापूर निवडण्याचे कारण असे की, या गावाचे नाव गूळ आणि वहाण या दोन साध्या जिनसांना चिकटून दूरदूरच्या मुलखांत गेले आहे. आणि ज्या गावाचे नाव मालावर असते त्या गावास पतीचा विचार टाळता येत नाही.

प्रथम जुन्यातले जुने पाहू. व्यापाऱ्यापासून प्रजेचे रक्षण करणे हा राजधर्माचा भाग आहे, असे कौटिल्याने स्पष्ट मानले होते. वजनेमापे तपासणारा ‘पौतवाध्यक्ष’ आणि विक्रीवर देखरेख ठेवणारा ‘पण्याध्यक्ष’ असे स्वतंत्र अधिकारी त्याने सांगितले आहेत. आणि व्यापाऱ्यांच्या लबाडीचा विचार त्याने ‘कण्टकशोधन’ या अधिकरणात, म्हणजे समाजातील काटे वेचून काढण्याच्या प्रकरणात केला आहे. ही झाली राजाच्या बाजूची व्यवस्था. परंतु व्यापाऱ्यांनी आपल्यापुरते घालून घेतलेले बंधन यापेक्षा अधिक मननीय आहे, आणि त्याचा एक पुरावा खुद्द कोल्हापुरात आहे. येथे शिलाहार वंशातील गंडरादित्य राज्य करीत असता शके १०५८ च्या एका शिलालेखात ‘अय्यावोळे पाचशे’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्यापारी संघाचा उल्लेख येतो. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने बांधविलेल्या जैन वसतीसाठी या संघातील व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक दान लावून घेतले, असे त्यात नमूद आहे. अय्यावोळे म्हणजे आजचे ऐहोळे. तेथून नाव घेतलेला हा संघ दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरला होता, आणि त्याच्या लेखांत ‘वीर बणंजु धर्म’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. राजे बदलले, सरहद्दी सरकल्या, तरी वाण्याचा म्हणून एक धर्म आहे व तो पाळणारास संघात जागा आहे, असा त्याचा आशय. हे व्यापारी सगळे साधुसंत होते, असे मानण्याचे कारण नाही. परंतु संघाबाहेर टाकले गेलो तर पुढच्या पेठेत आपणास कोणी दारात उभे करणार नाही, ही भीती प्रत्येकास होती; आणि भीतीतून जन्मलेली नीती ही देखील, सवय झाल्यावर, नीतीच ठरते.

जुन्या पेठेतील पत ही अशी व्यक्तीच्या नावावर उभी होती. सावकाराची हुंडी शेकडो कोस दूर पटत असे ती कागदाच्या जोरावर नव्हे, तर कागदावरील नावाच्या जोरावर. ‘लाख जावोत पण साख न जावो’ ही म्हण त्या काळाने दिली. परंतु त्या व्यवस्थेत एक मोठे न्यून होते, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पत होती ती पेढीवाल्याची पेढीवाल्याशी. जो शेतकरी माल घेऊन येई, किंवा जो कारागीर घरी बसून माल तयार करी, तो या वर्तुळाच्या बाहेर होता. त्याच्याशी खोटे बोलल्याने कोणाची हुंडी परत जात नसे.

हे न्यून कोठे अधिक दिसत असेल, तर ते अडतीच्या व्यापारात. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींच्या हाती १८९४ साली कारभार आला. त्यापूर्वी तीन वर्षे, १८९१ साली, मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली होती. पंचगंगेच्या काठचा ऊस आणि त्याचा गूळ यांना आता दूरची बाजारपेठ मोकळी झाली. ही संधी ओळखून महाराजांनी १८९५ साली स्टेशनाजवळ शाहूपुरी ही नवी पेठ वसविली व व्यापाऱ्यांस तेथे येऊन राहण्यास उत्तेजन दिले. पुढे १९०६ साली त्यांनी सूत व कापडाच्या गिरणीचा पाया घातला, आणि राधानगरीचे धरण हाती घेतले. ते धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पण कोल्हापूरच्या व्यापाराची खरी माता शाहूपुरीच. गुऱ्हाळांवरून गाड्या भरून गुळाचे रवे येत, अडत्यांच्या दुकानी उतरत, आणि तेथून रेल्वेने गुजरातेपर्यंत जात.

आता अडत्या हा प्राणी कथाकादंबऱ्यांत नेहमी खलनायक म्हणून रंगविलेला असतो. आम्हांस ते एकांगी वाटते. ऊस उभा असताना शेतकऱ्यास उचल कोणी द्यावयाची? घरात लग्न निघाले, बैल मेला, तर रात्रीबेरात्री कोणाचे दार ठोठवावयाचे? बँक नव्हती, सोसायटी नव्हती; अडत्याच होता. त्याने जोखीम उचलली ही गोष्ट खरी. परंतु ज्याचे पैसे घेतले त्याच्याच दुकानी माल टाकणे भाग, आणि ज्याच्या दुकानी माल टाकला तोच विकणाराचा मुखत्यार, तोच हिशेब लिहिणारा, तोच वजन मांडणारा, असे झाले म्हणजे देवमाणसाचीही परीक्षा होते. देशातील कित्येक पेठांत त्या काळी सौदा रुमालाखाली होत असे. विकणाऱ्याचा दलाल व घेणारा हातावर रुमाल टाकून बोटे दाबीत भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी दोन हातांवर उभा असूनही भाव काय झाला हे त्यास रुमाल उचलल्यावर कळे. मग अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय आणि कडता अशा नाना नावांनी रकमा कापून उरलेले त्याच्या पदरात पडत. धर्मादायाच्या नावाखाली देवाला देखील या हिशेबात ओढण्यात आले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या रुमालाविरुद्ध कायदा हळूहळू उभा राहिला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाच्या बाजारास पहिले नियमन लागले; १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला; १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारातील या गैरचालींवर कठोर टीका केली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्यानंतर १९३९ साली मुंबईचा शेतमाल बाजारांचा कायदा झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६३ साली आला. या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल: रुमाल उचला. सौदा उघड्यावर बोला, वजन तिऱ्हाइताने करा, कापावयाच्या रकमा आधी जाहीर करा. आज ज्यास ‘पारदर्शकता’ असे भारदस्त नाव आहे, ती मूळची इतकी साधी गोष्ट आहे. दिवाळीच्या पाडव्यास नव्या गुळाचे सौदे निघतात तेव्हा भाव मोठ्याने पुकारला जातो. त्या पुकाऱ्यामागे अर्धशतकाची धडपड आहे, याची आठवण फार थोड्यांस असते.

पण कायदा येण्याआधी, आणि कायद्याच्या पलीकडे, आणखी एक गोष्ट घडावी लागते. वरच्या माणसाने स्वतः पुढे होऊन भुर्दंड सोसावा लागतो. या बाबतीत शाहू छत्रपतींच्या चरित्रातील दोन प्रसंग आम्हांस व्यापारनीतीच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक बोधप्रद वाटतात. पहिला १८९६-९७ च्या दुष्काळाचा. टंचाई पडली की धान्य कोठारात जाते आणि भाव आकाशाला भिडतो, हा व्यापाराचा स्वाभाविक क्रम होय. महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडविली. नुसता हुकूम काढून व्यापाऱ्यास शिक्षा केली असती तर धान्य आणखी खोल दडले असते. स्वस्ताईचा भार दरबाराने आपल्या अंगावर घेतला म्हणून लोकांच्या तोंडी घास पडला.

दुसरा प्रसंग गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाचा. गंगाराम हे दरबारी पागेतील नोकर, जातीने तत्कालीन अस्पृश्य. पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले, आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे हॉटेल निघाले. दुकान निघाले खरे. पण गिऱ्हाईक कोठून येणार? तेव्हा महाराज स्वतःची गाडी त्या दुकानासमोर थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो घ्यावा लागू लागला. सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळू नये असे हुकूम १९१९ साली निघाले, हे खरे. पण हुकुमाचा कागद आणि हातातला पेला यांत जो फरक आहे, तोच नियम आणि नीती यांतला फरक होय. व्यापारातील सचोटी म्हणजे केवळ बरोबर वजन नव्हे. पेठेत कोणास उभे राहू द्यावयाचे, हाही सचोटीचाच प्रश्न आहे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहो.

येथवर आपण व्यक्तीच्या नावाची कथा पाहिली. आता संस्थेच्या नावाकडे वळू. कंपनी ही वस्तू कायद्याने निर्माण केलेला एक मनुष्य आहे. तिला मालमत्ता असते, ती फिर्याद लावते, तिच्यावर फिर्याद होते. पण तिला देह नाही, तेव्हा तुरुंगात घालावे असे काही नाही, आणि मन नाही, तेव्हा लाज वाटावी असेही काही नाही. इंग्लंडात १७२० साली ‘साउथ सी’ कंपनीचा फुगा फुटला आणि हजारो कुटुंबे बुडाली, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या देशाने कंपन्यांकडे संशयाने पाहिले. पुढे गिरण्या व आगगाड्यांना लागणारे भांडवल एका घराण्याच्या आवाक्यातले राहिले नाही, तेव्हा १८४४ साली कंपन्यांच्या नोंदणीचा आणि १८५५ साली मर्यादित जबाबदारीचा कायदा तेथे झाला. हिंदुस्थानात नोंदणीचा कायदा १८५० साली आणि मर्यादित जबाबदारीचा १८५७ साली आला. मर्यादित जबाबदारी म्हणजे धंदा बुडाला तरी भागीदाराचे घरदार वाचते. भांडवल गोळा करण्यास ही युक्ती उत्तम. परंतु ‘साख न जावो’ म्हणणाऱ्या पेठेला ती अगदी नवी होती.

नव्या युक्तीचा पहिला मोठा धडा मुंबईने घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशाच्या पुरात कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे भरून काढण्याच्या कंपनीचे भाग घेण्यासाठी लोक वेडे झाले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली आणि सारा डोलारा कोसळला. या पडझडीत बँक ऑफ बाँबे ही प्रतिष्ठित पेढी बुडाली. तिच्यात सरकारचे भाग होते आणि सरकारने नेमलेले संचालकही होते. तरी भागांच्या कागदांवर आणि स्नेह्यांच्या शब्दांवर भरमसाट कर्जे दिली गेली, आणि ज्यांनी अडवावयाचे त्यांनी अडविले नाही. कुंपणच शेत खाते, ही म्हण कृषिजीवनातून आली असली तरी तिचा उत्तम उपयोग बँकांच्या इतिहासात होतो. त्या प्रकरणाची सरकारी चौकशी झाली. पण ठेवीदारांचा जो विश्वास गेला तो चौकशीने परत आला नाही. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या कित्येक बँका १९१३ साली अशाच ओळीने बुडाल्या.

नेमक्या त्याच १९१३ साली कोल्हापुरात अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटीची स्थापना झाली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आणि त्याहून व्यापक असा दुसरा १९१२ साली झाला होता. सहकाराची कल्पना ही एका अर्थी कंपनीच्या नीतिशून्यतेवर काढलेला उतारा होती. येथे ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक असे नाही. सभासद तितकी मते. कर्ज घेणारा कोण, कशासाठी घेतो, फेडील की नाही, हे शेजारीपाजारी जाणतात. म्हणजे जुन्या पेठेतील ओळख आणि नव्या काळातील कायदा यांची येथे सांगड घातलेली होती. सहकाराने या जिल्ह्यात पुढे साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या असा विस्तार केला, आणि त्या विस्ताराबरोबर त्याची परीक्षाही अवघड होत गेली. संस्था शेकडो सभासदांची असते तेव्हा शेजारी पहारा करतो. ती लाखाच्या घरात गेली म्हणजे शेजारी कोठला? मग तेथेही लेखापरीक्षक आला, निबंधक आला, आणि १९६६ पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अंमल आला. ऊसकरी शेतकऱ्यास ऊस पोहोचविल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे, न दिल्यास सालीना शेकडा १५ दराने व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलेले आहे. तरी त्याच पैशासाठी आणि वजनकाट्याच्या खरेपणासाठी याच मुलखातील शेतकऱ्यांना वेळोवेळी रस्त्यावर उतरावे लागले आहे. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेतून अजून गेलेला नाही. कायदा पुरेसा नाही, ही गोष्ट यावरून सिद्ध होते. आणि कायदा नसता तर मागणी कशाच्या आधारावर केली असती, हेही त्यावरूनच सिद्ध होते.

संस्थेच्या नावाची ही कथा एका पत्त्याशी येऊन थांबते. कोल्हापूर व सांगली येथे १९४३ साली ‘रत्नाकर बँक’ या नावाने एक लहान बँक निघाली. व्यापारी व शेतकरी हे तिचे गिऱ्हाईक. २०१४ साली तिचे नाव ‘आरबीएल बँक’ असे झाले, २०१६ साली तिचे भाग शेअरबाजारात आले, आणि तिचा कारभार देशभर पसरला. तरी तिच्या नोंदणीकृत कचेरीचा पत्ता शाहूपुरी, पहिली गल्ली, कोल्हापूर असाच राहिला. जेथे गुळाच्या गाड्या सुटत त्या पेठेत आता कंपनी कायद्याची पाटी लागली. अशा बँकेस कोणते नियम पाळावे लागतात, हे पाहिले म्हणजे काळ किती पालटला हे ध्यानात येते. घोष समितीच्या शिफारशीवरून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट १९९२ मध्ये बँकांत अनुपालन अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केली. सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने या अधिकाऱ्याची नेमणूक निदान तीन वर्षांसाठी असावी, त्यास वरिष्ठांपर्यंत थेट पोहोचता यावे, आणि धंदा वाढविण्याची कोणतीही जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधू नये, असे ठरविले. या शेवटच्या अटीकडे वाचकांचे आम्ही विशेष लक्ष वेधतो. ज्याने वजन मांडावयाचे त्याने सौदा करू नये, हीच ती अट. शाहूपुरीतील शेतकऱ्याचे गाऱ्हाणे शंभर वर्षांनी बँकेच्या परिपत्रकात उतरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरी पाट्या आणि परिपत्रके यांनी काम भागते असे कोणी समजू नये. जानेवारी २००९ मध्ये सत्यम् या हैदराबादच्या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, हिशेबात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात अस्तित्वातच नाही. त्या कंपनीत स्वतंत्र संचालक होते, जगद्विख्यात हिशेबतपासनीस होते, सुशासनाबद्दलचा गौरवही होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! या घटनेनंतर २०१३ चा कंपनी कायदा अधिक कडक झाला. गैरप्रकार उघड करणाऱ्या नोकरास संरक्षण मिळावे अशी योजना त्यात आली, आणि मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या शेकडा दोन इतकी रक्कम समाजकार्यासाठी खर्चावी असे कलमही आले. हे सर्व इष्टच. परंतु जुन्या अडतीतील ‘धर्मादाय’ ज्यांना आठवतो, ते एवढे विचारल्यावाचून राहणार नाहीत की, दान दिल्याने वजनातली खोट भरून निघते काय?

आता तिसरे नाव, गावाचे. कोल्हापुरी गूळ आणि कोल्हापुरी चप्पल ही नावे कोणा एकाच्या मालकीची नाहीत. ती पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टांतून जमलेली सामाईक पुंजी आहे. म्हणूनच ती खाऊन टाकणे सोपे. भौगोलिक चिन्हांचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली कोल्हापुरी गुळाची नोंद २०१४ साली झाली, तर कोल्हापुरी चपलेची नोंद २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झाली. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे तीत येतात.

गुळाच्या बाबतीत या पुंजीस गळती लागली ती घरातूनच. चांगला गूळ करणे ही गुळव्याची कला आहे. काहिलीत रस उकळत असता भेंडीच्या पाण्याने मळी वर आणावयाची, ती वेळेवर काढावयाची, आणि पाक नेमका केव्हा उतरावयाचा हे वासावरून व बुडबुड्यांवरून ओळखावयाचे. असा गूळ तांबूस असतो. परंतु पेठेत भाव पिवळ्याधमक गुळास. मग रंगासाठी ‘हायड्रॉस’ची पूड आली, वजनासाठी साखर मिसळणे आले, आणि भलत्या गावच्या गुळावर कोल्हापूरचे नाव घालणेही आले. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आम्ही लहानपणी शिकलो. पण बाजारात जाऊन पिवळा रवा निवडतो कोण? गुळव्या नव्हे, अडत्या नव्हे. तो निवडतो आम्ही, शिकलीसवरलेली पांढरपेशी कुटुंबे. आम्ही डोळ्यांनी गूळ खरेदी करतो आणि मग सचोटी कोठे गेली म्हणून नाकाला पदर लावतो. व्यवहारनीतीच्या चर्चेत गिऱ्हाइकाचे नाव सहसा निघत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम काढले आहे.

चपलेची गोष्ट अधिक गाजली. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि त्यांचे वर्णन नुसते ‘चामडी चपला’ असे केले. कोल्हापूरचे नाव नाही, हिंदुस्थानचे नाही. महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. येथील व्यापारी संघटनेने कंपनीस पत्र धाडले. आणि कंपनीने ही प्रेरणा हिंदी कारागिरांच्या परंपरेतून घेतल्याचे मान्य केले. उच्च न्यायालयात गेलेला अर्ज जुलै महिन्यात फेटाळला गेला, कारण अर्जदार त्या चिन्हाचे नोंदणीकृत धनी नव्हते. तरी कंपनीची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार होऊन येथील कारागिरांच्या मदतीने दोन हजार जोड तयार करण्याचे जाहीर झाले. न्यायालयाने जे भाग पाडले नाही ते लोकलज्जेने घडवून आणले, ही या प्रकरणाची शिकवण. अय्यावोळे संघास ती नवी वाटली नसती.

परंतु आपला संताप योग्य असला तरी तो पुरा प्रामाणिक होता काय, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, आणि उत्तर देताना आम्हांस अडखळावे लागले. परदेशी कंपनीने आपल्या गावाचे नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो. आपण तरी कारागिराचे नाव कधी घेतले? ज्या चर्मकारांनी कातडे कमावून, वेणी घालून, ठोकून ही वहाण घडविली, त्यांना त्याच गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवले. चप्पल उंबऱ्यापर्यंत चालली; ती करणारा माणूस चालला नाही. मालाला गावाचे नाव मिळाले आणि करणाराला जातीचे. गंगाराम कांबळे यांच्या दुकानापुढे थांबलेली ती गाडी येथे पुन्हा आठवते. करवीरच्या छत्रपतीला जे शंभर वर्षांपूर्वी कळले होते, ते आपणास मिलानहून शिकावे लागावे, ही शरमेची गोष्ट होय. आजही दुकानाच्या पाटीवर विकणाराचे आडनाव मोठ्या अक्षरांत असते. चपलेच्या तळव्यावर करणाराचे नाव शोधावे लागते.

एकंदरीत या इतिहासाचा निष्कर्ष काय? व्यापारनीती ही परकी वस्तू आहे, हा समज टिकत नाही. येथील शिळेवर ती नऊशे वर्षांपूर्वी उमटली आहे. त्याचप्रमाणे आपले पूर्वज सचोटीचे पुतळे होते आणि कायद्यानेच सगळे बिघडविले, हा उलट समजही टिकत नाही; तसे असते तर रुमाल उचलण्यास इतकी वर्षे लागली नसती. कायद्याने मोजता येईल तेवढे मोजले. वजन, तारीख, व्याज, हिशेब ही कामे त्याची, आणि ती त्याच्याकडेच असावीत. परंतु प्रत्येक वेळी कायद्याच्या आधी कोणीतरी एक माणूस उभा राहिलेला दिसतो, ज्याला गप्प बसण्यात फायदा होता आणि तरी तो गप्प बसला नाही. कधी तो छत्रपती असतो, कधी कचेरीत ‘या कागदावर मी सही करणार नाही’ म्हणणारा एखादा कारकून असतो, तर कधी हायड्रॉसचा डबा दूर सारून तांबूस गूळ घेऊन पेठेत उभा राहणारा गुळव्या असतो. संस्थेचे पुढारीपण याहून निराळे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. शंका एवढीच की, तांबूस गुळाच्या त्या रव्यापुढे गाडी थांबविणारे कोणी आहे की नाही. ते काम छत्रपतींचे आता राहिलेले नाही. ते आपले आहे. येत्या पाडव्याला नवा गूळ घरी आणताना वाचकांनी रंग पाहण्याआधी करणाराचे नाव विचारावे, इतकी विनंती करून हा लेख आम्ही पुरा करतो.